निवळ दिसणारं पाणी

खारेगावात आमच्या घरामागे पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर वीस सेंटिमीटर खोल अशी टाकी आहे. मुलं तिला पूल म्हणतात, घरातली मोठी माणसं टाकीच म्हणतात. लांबी, रुंदी आणि खोलीचा गुणाकार केला की अठरा हजार लिटर पाणी होतं. इतका साधा गुणाकार मी टाकी बांधून झाल्यावर कितीतरी दिवस केला नव्हता. त्या काळात पाण्यात जे जे टाकलं ते मुठीनं, मगानं, अंदाजानं. पाणी हिरवं दिसलं की जास्त, निवळ दिसलं की काहीच नाही. टाकीच्या बाबतीत माझ्या हातून जे जे चुकलं त्याचं मूळ इथेच आहे.

टाकीची हौस माझीच. कळव्यात महापालिकेचा यशवंत रामा साळवी तरणतलाव आहे, माझा मुलगा तिथेच पोहायला शिकला. पण नातवंडं अजून लहान, नणंदेची मुलं मे महिन्यात डोंबिवलीहून राहायला येणार, आणि परसात जागा मोकळी पडलेली. यांनी बांधकाम करून घेतलं, निळ्या टाइल्स लावल्या, अर्ध्या एचपीची मोटर आणि वाळूचा फिल्टर बसवला. पाणी सांभाळायचं काम मी मागून घेतलं. माझं माहेर श्रीवर्धनचं. सुपारीच्या वाडीत विहिरीचं आणि पाटाचं पाणी बघतच मोठी झाले, तेव्हा एवढीशी टाकी सांभाळणं काय अवघड, असं मला मनापासून वाटत होतं. वाहत्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला कोंडलेल्या पाण्याचं काही कळत नाही, हे नंतर समजलं.

पहिल्यांदा टाकी बोअरच्या पाण्यानं भरली. खाडी जवळ असल्यानं आमच्या बोअरचं पाणी किंचित मचूळ लागतं, पण बादलीत काढलं तर स्वच्छ दिसतं. टाकी भरली तेव्हा तळाची टाइल न टाइल दिसत होती. सकाळी ब्लीचिंग पावडर टाकली आणि दुपारपर्यंत सगळं पाणी तांबूस-तपकिरी झालं. घरात सगळे म्हणाले, पावडर खराब निघाली. मीही तेच धरून बसले. खरं म्हणजे पाण्यात विरघळलेलं लोह होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीनशी गाठ पडली की त्याचा गंज होतो आणि रंग उघडा पडतो. पावडरनं पाणी बिघडवलं नव्हतं, त्यात आधीपासून काय आहे ते दाखवून दिलं होतं. एका बादलीत चिमूटभर पावडर टाकून रात्रभर ठेवून पाहिलं असतं तरी हे कळलं असतं.

मग तुरटी टाकली. तुरटीनं गाळ खाली बसतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. पण मी तुरटी टाकली आणि फिल्टर जोरात चालावा म्हणून मोटर चालूच ठेवली. तुरटीला शांत पाणी लागतं. मोटर बंद ठेवून रात्रभर थांबायचं, सकाळी तळाशी बसलेला गाळ न ढवळता नळीनं ओढून थेट बाहेर टाकायचा. मी ते पाणी फिरवत राहिले, त्यामुळे अर्धवट जमलेला गाळ फिल्टरच्या वाळूत जाऊन चिकटला आणि उरलेला पुन्हा टाकीत आला. शिवाय तुरटी पाणी आंबट बाजूला नेते आणि ब्लीचिंग पावडरमधला चुना त्याच्या उलट. या दोघांची ओढाताण मी आठवडाभर चालवली आणि पाणी दुधट राहिलं.

ब्लीचिंग पावडरीबद्दल तर मला एकही गोष्ट नीट माहीत नव्हती. स्वस्त पडते म्हणून मोठं पोतं आणलं आणि मोरीशेजारच्या शेडमध्ये तोंड गुंडाळून ठेवलं. आपल्याकडच्या दमट हवेत या पावडरीतला क्लोरीन उडत जातो. ताजी असताना तिच्यात तीस-तेहेतीस टक्के क्लोरीन असतो. माझ्या पोत्यात मे महिन्यापर्यंत चुनाच जास्त उरला असणार. ती कोरडीच पाण्यावर भुरभुरत असल्यामुळे टाइल्सवर पांढरा थर धरला. ती बादलीत भिजवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी तेवढं टाकीत ओतायचं, ही पद्धत गावोगावी विहिरी शुद्ध करताना वापरतात. मी ती लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली होती, तरी आठवली नाही.

आणि हे सगळं मी सकाळी करत असे, मुलं दहाला पाण्यात उतरणार म्हणून. चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघड्या पाण्यातला मोकळा क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतो. दुपारी चारला शेजारच्या मुलांसह दहा-बाराजण पाण्यात असत आणि त्या वेळी पाण्यात क्लोरीन जवळपास नसे. डोक्याला खोबरेल तेल थापलेली, घामानं निथळलेली पोरं तशीच उडी मारत. मी त्यांना आधी अंगावर पाणी घ्यायला लावलं नाही. संध्याकाळी पाण्याला उग्र वास येई, डोळे चुरचुरत, आणि मी म्हणे, औषध जास्त झालं, उद्या टाकायला नको. तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम, लघवी, अंगावरचा मळ यांच्याशी झटापट होऊन क्लोरीन अडकून पडला की त्यातून जी संयुगं होतात त्यांचा तो वास. अशा वेळी क्लोरीन वाढवावा लागतो, एकदाच आणि भरपूर, म्हणजे ती संयुगं जळून जातात. मी नेमकी तेव्हाच हात आखडता घेत होते.

पुढच्या वर्षी दुकानदारानं गोळ्या दिल्या. दोनशे ग्रॅमची पांढरी गोळी, तरंगत्या डबीत ठेवायची, हळूहळू विरघळते, उन्हात क्लोरीन उडत नाही. फेब्रुवारीत टाकी भरली, आठवड्याला दोन गोळ्या ठेवल्या आणि होळीपर्यंत पाणी इतकं सुंदर राहिलं की मी ओळखीच्या चार घरांत त्या गोळ्यांची शिफारस केली. त्या शिफारशीचं मला आजही वाईट वाटतं. कारण गोळीत काय आहे हे मी वाचलंच नव्हतं.

त्या गोळीचं नाव ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड. ती विरघळली की क्लोरीन सुटतो आणि मागे सायन्युरिक ॲसिड राहतं. हे सायन्युरिक ॲसिडच क्लोरीनला उन्हापासून राखतं, म्हणून थोडं असावं लागतं, लिटरला तीस ते पन्नास मिलिग्रॅम. त्याहून फार वाढलं की ते क्लोरीनला धरून ठेवतं, सोडत नाही, आणि शेवाळ मारायला मोकळा क्लोरीन उरत नाही. माझ्या अठरा हजार लिटरांत एक गोळी लिटरला साधारण सहा मिलिग्रॅम सायन्युरिक ॲसिड टाकते. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला पन्नासच्या आसपास. क्लोरीन वापरला जातो, उडून जातो. हे जात नाही. उन्हानं पाणी आटतं, आमच्या टाकीतून मे महिन्यात रोज शंभर लिटरच्या आसपास, पण त्यात विरघळलेलं काही आटत नाही. आमटी उकळत ठेवली की मीठ वाढत जातं तसं सगळं दाट होत जातं, आणि वरून बोअरचं मचूळ पाणी घालून मी त्यात भरच टाकत होते.

एप्रिलच्या शेवटी कोपऱ्यांत हिरवट झाक आली. शिडीच्या मागच्या पायरीवर पाय ठेवला तर बुळबुळीत लागला. बोटानं खरवडलं तर नखात पातळ हिरवा थर आला. माझ्याकडे तपासणीची नळी होती, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. गडद पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. मग शेवाळ का? मला उत्तर सापडलं नाही, म्हणून गोळ्या वाढवल्या. ते थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, मोकळा किती आणि अडकलेला किती हे सांगत नाहीत. शिवाय ब्रश घेऊन पायरी, कोपरे, शिडीची मागची बाजू घासायला हवी होती. शेवाळ भिंतीला धरून असतं तोवर औषध त्याच्या वरच्या थरालाच लागतं. घासणं कष्टाचं होतं आणि गोळी टाकणं सोपं. मी सोपं निवडत राहिले.

मग मोरचूद. श्रीवर्धनला पावसाळ्याआधी सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, बुरशीनं फळगळ होऊ नये म्हणून. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरं आहे, तलावांतही ते वापरतात. मी माहेरच्या विश्वासानं मूठभर टाकलं. पाणी चुन्याच्या बाजूला झुकलेलं असलं की त्यातलं तांबं विरघळलेलं राहत नाही, बाहेर पडून बसतं. शिडीखालच्या टाइल्सवर राखाडी-निळसर डाग पडले.

यानंतर जे झालं ते लिहिताना आजही हात थांबतो. पाणी हिरवं होतच होतं, म्हणून एका दुपारी मी गोळ्या फोडून त्यांचा चुरा टाकायचं ठरवलं. लाल प्लास्टिकच्या बादलीत चुरा केला, टाकीत टाकला, बादलीच्या तळाला थोडा चिकटून राहिला. तीच बादली घेऊन शेडमध्ये गेले आणि त्यात ब्लीचिंग पावडर घातली. दोन्ही क्लोरीनचीच औषधं, एकत्र झाली तर काय बिघडलं, असा माझा समज. वरून तांब्याभर पाणी ओतलं. आधी बारीक चरचर झाली, मग बादली गरम लागायला लागली, आणि पिवळसर हिरवा धूर वर आला. माझा मोठा नातू दारात उभा होता, काय करतेयस बघायला आलेला. मी त्याला हातानं मागे ढकललं आणि बादली तशीच टाकून बाहेर पळाले. प्लास्टिक तळाशी वाकलं होतं. दोन दिवस छातीत जळजळत होतं, खोकला थांबत नव्हता. नातवाला काही झालं नाही, एवढंच आमचं नशीब.

गोळी आम्लधर्मी असते, ब्लीचिंग पावडर चुन्याची. ही दोन एकत्र आली आणि थोडंसं पाणी मिळालं की विषारी वायू होतो, आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. बंद डब्यात हे झालं असतं तर मी आज लिहीत बसले नसते. आता आमच्याकडे दोन औषधांना दोन मग आहेत, वेगळ्या रंगाचे, आणि ती दोन वेगळ्या जागी ठेवलेली आहेत. आम्लाची बाटली तिसरीकडे, कारण आम्ल क्लोरीनच्या औषधाला लागलं तरी तोच वायू होतो. नेहमी भरल्या पाण्यात औषध घालायचं, औषधावर पाणी कधीच ओतायचं नाही. टाकी असलेल्या कुठल्याही घरी गेले की मी पाणी बघायच्या आधी औषधं कुठे ठेवली आहेत ते बघते. लोकांना ते खटकतं, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही.

त्याच आठवड्यात नणंदेच्या धाकट्याचा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, पोहायला कुठे जातो? मी गप्प बसले, उत्तर नणंदेनं दिलं. कान थेंबांनी बरा झाला. पण नंतर केरळच्या बातम्या वाचल्या तेव्हा मला त्या दिवसाची नव्यानं भीती वाटली. 2024 आणि 2025 मध्ये तिथे नेग्लेरिया नावाच्या अमिबामुळे मेंदूचा आजार होऊन माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. हा अमिबा कोमट, न राखलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून मेंदूपर्यंत जातो. पाण्यात योग्य क्लोरीन सतत असेल तर तो टिकत नाही. आमच्या टाकीत योग्यही नव्हता आणि सततही नव्हता, आणि मुलं त्या पाण्यात नाक न धरता बुड्या मारत होती.

मला वाट दाखवली ती पारसिक नगरच्या एका संकुलात पूल सांभाळणाऱ्या माणसानं. यांच्या ओळखीनं तो एका रविवारी घरी आला. त्यानं पाण्याचा रंग बघितलाच नाही. खिशातून एक नळी काढली, तिच्या तळाला काळा ठिपका होता. टाकीतलं पाणी आणि एक द्रावण बाटलीत मिसळलं, ते पांढुरकं गढूळ झालं. ते हळूहळू नळीत ओतायचं आणि वरून ठिपका बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. नळीवर खालून वर आकडे कमी होत जातात. त्यानं जेमतेम बोटभर ओतलं आणि ठिपका गेला. शंभराच्या खुणेच्याही खाली, म्हणजे सायन्युरिक ॲसिड शंभराहून जास्त. तो म्हणाला, "काकू, आता यात काहीही टाकू नका. अर्धं पाणी काढा."

मला हे ऐकायचं नव्हतं. मे महिना होता. कळवा, मुंब्रा, दिव्याला एमआयडीसीचं पाणी येतं, आणि दुरुस्तीसाठी चोवीस तासांचा बंद लागला की गल्लीत सगळ्यांचे पिंप बाहेर येतात. अशा दिवसांत नऊ हजार लिटर पाणी गटारात सोडायचं कसं? मी आणखी काही दिवस चालढकल केली, पुन्हा क्लोरीन वाढवून पाहिला. गोळ्यांनी साठलेलं ॲसिड कुठल्याही औषधानं निघत नाही, पाणी बदलूनच ते कमी होतं, हे त्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं. मुलांना पाण्यात उतरायला बंदी केली तेव्हाच मला धीर आला. क्लोरीन बंद करून पाणी काही दिवस उन्हात ठेवलं, तो उडून गेला, मग मोटरनं उपसून माडांना थोडं थोडं दिलं, अंगण आणि गच्ची धुतली, शेजारच्या दोन घरांनी संडासात टाकायला पिंप भरून नेले. आमच्या गल्लीत त्यावर कुणी बोललं नाही, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं. पाणी सुरुवातीपासून नीट सांभाळलं असतं तर ते काढायची वेळच आली नसती.

आता मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारं, पाणी गुलाबी करणारं किट आणलं आहे. मोकळा क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.6 एवढं मी धरून चालते. पीएच आठाकडे गेला की तेवढ्याच क्लोरीनची ताकद फार कमी होते, म्हणून दोन्ही एकदमच बघावे लागतात. ब्लीचिंग छोट्या पुड्यांत आणते, सूर्य मावळल्यावर टाकते, आणि साठ ग्रॅमला लिटरमागे एक मिलिग्रॅम हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवला आहे. गोळी फक्त आम्ही बाहेरगावी जाणार असलो तर. मोटर मुलं पोहतात तेवढा वेळच चालवायची आणि वीज वाचवायची ही माझी आधीची काटकसर खोटी होती. दिवसाला सहा ते आठ तास चालवली तर तीन-चार युनिट जातात आणि निम्मं औषध वाचतं. फिल्टर मात्र मी रोज उलटा धूत असे, तो आता धूत नाही. वाळू थोडी मळलेली असली की बारीक कण जास्त पकडते. स्वच्छ असताना फिल्टरच्या दाबाचा काटा दहा पौंडांवर असतो, अठरा-वीसवर गेला की तेव्हा धुवायचा. प्रत्येक धुण्यात दोन-तीनशे लिटर पाणी जातं, तेही वाचलं.

जाळी मात्र रोज दोनदा फिरवावीच लागते. मागे पारसिकचा डोंगर, बायपासवरून ट्रकची रांग, वाऱ्याबरोबर धूळ येते. फेब्रुवारीत आंब्याचा मोहोर आणि मेमध्ये शेजारच्या गुलमोहराच्या पाकळ्या. पान पाण्यात कुजलं की ते क्लोरीन खातं. हे काम आता माझा मोठा नातू करतो, तोच ज्याला मी शेडच्या दारातून ढकललं होतं. औषधांना हात लावायची परवानगी त्याला नाही.

पावसाळ्याचं अजून जमायचं आहे. जून लागला की टाकी अर्धी ठेवून आम्ही ताडपत्री टाकत होतो, आणि ताडपत्रीच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आता ताडपत्री काढली आहे, पावसाळाभर मोटर आणि क्लोरीन चालू ठेवते. यंदा गच्चीचा पन्हाळ टाकीकडे वळवायचा विचार आहे. पावसाच्या पाण्यात ना चुना, ना मीठ, ना गोळ्यांचं ॲसिड, म्हणजे साठलेलं सगळं आपोआप पातळ होईल आणि पुढच्या मेमध्ये नळाकडे बघावं लागणार नाही. सुरुवातीचे दोन-तीन मोठे पाऊस तेवढे बाहेर वाहू द्यायचे, गच्चीवरची उन्हाळ्याची धूळ धुऊन जाईपर्यंत. प्लंबर म्हणतो, पन्हाळाला एक चावी बसवली की झालं. त्याला जूनच्या आत यायला सांगितलं आहे.